पीओ साहेबांकडं अडकतोय, मंजुरीचा मेसेज आपोआप कसा लावायचा

भावा, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीवर बोलालोय हे नक्की. उद्यमबागला तुमचं मशीन शॉप, ६० एक माणसं, सहा महिन्यांमागं ईआरपीनेक्स्ट (खरेदी, स्टोअर, हिशोब सगळं चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर तू करतोस, ५०,००० च्या आतली प्रॉडक्शन मॅनेजर मंजूर करतात आणि वरची मोठे साहेब. वर्कफ्लो म्हणजे मंजुरीच्या पायऱ्या लागल्यात, स्टेट म्हणजे पीओ कुठल्या पायरीवर आहे ते पण बदलतंय, पण साहेबांना कळतच नाही, तू जिना चढून वर जातोस नाहीतर फोन करतोस, आणि कागदावर सही घेताना जसं चालायचं तसंच चाललंय. तुला मेल किंवा व्हॉट्सॲप आपोआप जायला पाहिजे.

होतंय की. सेटिंग म्हणशील तर एका दिवसाचं काम आहे. मी गेली १२ वर्षं बेळगाव, मच्छे, नावगे, काकती, तिकडं निपाणी-चिकोडीपर्यंत हेच काम करालोय आणि एक गोष्ट सगळीकडं बघितली, मेसेज जायला लागला की पहिले पंधरा दिवस सगळे खूश असतात, महिन्याभरानं साहेब मेसेज उघडायचे बंद होतात आणि खरेदीवाला परत फोन उचलतो. सॉफ्टवेअर त्याचं काम करत असतं, पण साहेबांना दिवसाला ४० मेसेज यायला लागतात आणि त्यातल्या एकातही निर्णय घ्यायला लागणारी माहिती नसते, मग माणूस कंटाळणारच. म्हणून कुठलं बटण दाबायचं ते सांगतोच, पण मेसेज कुणाला जायचा, किती वेळा जायचा आणि त्यात काय असायचं ह्यावर जास्त लिहिणार आहे, ते नीट वाच.

सेटिंगला हात लावायच्या आधी एक काम कर. मागच्या तीन महिन्यांच्या सगळ्या पीओ एक्सेलमध्ये काढ आणि बघ साहेबांनी त्यातल्या किती नाकारल्या किंवा बदलून मागितल्या. दरवर्षी ज्याचा रेट ठरवून ठेवलाय तो माल, कूलंट, कॉटन वेस्ट, ठरलेल्या कंपनीचे इन्सर्ट (कापायच्या टूलची बदलायची टोकं), ह्यात साहेबांनी एकदाही नाही म्हटलेलं नसणार. असला माल मंजुरीतनं बाहेर काढ, ठरलेल्या रेटच्या आत असेल तर मॅनेजरपाशीच संपू दे. तसं करायला साहेबांची परवानगी लागेल, पण हा एक्सेल समोर ठेवलास की ते स्वतःच म्हणतील की हे माझ्यापर्यंत कशाला येतंय. मी एका ठिकाणी हे केलं तेव्हा वरच्या माणसाकडं जाणाऱ्या पीओ निम्म्याहून कमी झाल्या, आणि जे मेसेज उरले ते ते खरंच वाचायला लागले. हे न करता थेट नोटिफिकेशन लावणार असशील तर माझा सल्ला आहे की थोडं थांब.

आता मेल. ईआरपीनेक्स्टमधनं मेल बाहेर पडायला ईमेल अकाउंटमध्ये एक आउटगोइंग अकाउंट डिफॉल्ट करून ठेवावं लागतं. बरेच जण साधं जीमेल लावतात, तर लक्षात ठेव, जीमेलचा नेहमीचा पासवर्ड तिथं चालत नाही, त्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढायचा आणि तो घालायचा. साध्या जीमेलवरनं दिवसाला ५०० पर्यंतच मेल जातात, पगाराच्या स्लिपा, कस्टमरची इन्व्हॉइस आणि मंजुरीचे मेल सगळे एकाच खात्यावरनं सोडलेस तर महिनाअखेरीला नेमका मंजुरीचा मेल अडकायचा. मंजुरीसाठी वेगळा पत्ता कर, तुमच्या कंपनीच्या डोमेनचा असेल तर उत्तम, पण मग डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (मेल खरंच तुमच्याकडनं आलाय हे दाखवणाऱ्या) घालून घे नाहीतर मेल स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि आपण वर्कफ्लोला दोष देत बसतो.

मेल लगेच जात नाही, आधी ईमेल क्यू म्हणून एक यादी असते तिच्यात जातो आणि तिथनं शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारा सिस्टीमचा भाग, तो उचलून पाठवतो. कुणी म्हणालं मेल येत नाही की पहिल्यांदा ही यादी उघडायची. नॉट सेंट म्हणून ढीग पडला असेल तर शेड्युलर बंद आहे, बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर हे हमखास दिसतं. एरर असेल तर आत कारण लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा पासवर्ड बदललेला असतो. आणि यादीत मेलच नसेल तर मग तुझी नोटिफिकेशनची अट चुकली. ह्या तीन गोष्टी ओळीनं बघितल्यास की दहातल्या नऊ तक्रारी तुझ्या तूच सोडवशील, कुणाला बोलवायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. वर्कफ्लोमध्येच सेंड ईमेल अलर्ट म्हणून एक टिक असते. ती लावली की पुढच्या पायरीला ज्याचा रोल (सिस्टीममधला हक्कांचा गट) लागतो त्याला मेल जातो आणि मेलमध्येच मंजूर-नामंजूरची बटणं येतात. सगळ्यात सोपा रस्ता हाच आणि सुरुवातीला तोच लावून बघ. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तो मेल त्या रोलच्या सगळ्यांना जातो, आणि तुमच्यासारख्या ठिकाणी परचेस मॅनेजर हा रोल बसवतानाच पाच-सहा जणांना वाटून टाकलेला असतो कारण कुणाला तरी रिपोर्ट बघायचा होता. मग पाचही जणांना मेल, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. दुसरं म्हणजे तो मेल कोरडा असतो. म्हणून मंजुरीसाठी वेगळे रोल तयार कर, पीओ मंजुरी एक, पीओ मंजुरी दोन, असली साधी नावं दे, आणि ते फक्त मंजुरी देणाऱ्यालाच दे, रिपोर्ट बघायला दुसरे रोल आहेत.

बटण असलेल्या मेलबद्दल आणखी एक, असला मेल साहेबांनी दुसऱ्याला फॉरवर्ड करायचा नाही. ती लिंक ज्याच्या नावानं निघाली त्याच्याच नावानं मंजुरीची नोंद होते, पुढं कुणी दाबलं हे कागदावर दिसत नाही. हे त्यांना समोर बसून सांग.

मेसेज आपल्या मनासारखा पाहिजे असेल तर नोटिफिकेशन नावाचं वेगळं पान आहे, तिथं डॉक्युमेंट टाईप पर्चेस ऑर्डर घ्यायचा आणि सेंड अलर्ट ऑन मध्ये काय निवडायचं इथं सगळे घसरतात. सेव्ह निवडलंस तर पीओ पेंडिंग असताना कुणीही एक शब्द बदलून सेव्ह केलं की परत मेल, एका पीओचे दहा मेल गेलेले मी बघितलेत. सबमिट निवडलंस तर मंजुरी झाल्यावरच जातो, कारण वर्कफ्लोत पेंडिंग असताना पीओ अजून ड्राफ्टच असते, सबमिट शेवटच्या पायरीला होते. म्हणजे साहेबांनी मंजूर केल्यावर साहेबांना मेल की मंजूर करा, त्याचा काय उपयोग. निवडायचं ते व्हॅल्यू चेंज, आणि बदलणारं फील्ड म्हणून वर्कफ्लो स्टेट. खाली कंडिशनमध्ये स्टेटचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंग, मोकळी जागा, मोठं-लहान अक्षर सगळं वर्कफ्लोत आहे तसंच. एका ठिकाणी नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली होती म्हणून दोन दिवस मेल गेले नाहीत, ते शोधता शोधता जीव गेला, म्हणून सांगतो हाताने टाईप करू नको, कॉपी करून चिकटव.

रकमेच्या अटीत पण एक खड्डा आहे. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका स्टेटमधनं दुसऱ्यात जायच्या ओळींत, तू एका ओळीला लिहिणार ५०,००० पेक्षा कमी असेल तर मॅनेजर, दुसऱ्या ओळीला ५०,००० पेक्षा जास्त असेल तर साहेब. मग बरोबर ५०,००० ची पीओ आली की तिला पुढं जायला रस्ताच नाही, ॲक्शनचं बटणच दिसत नाही, आणि ज्यानं बनवली त्याला काही कळत नाही. एका बाजूला बरोबर (=) हे चिन्ह घालायलाच पाहिजे. आणि रक्कम जीएसटीसकट धरायची की बिगर जीएसटी हे साहेबांना विचारून ठरव. १८ टक्के म्हटलं तर ४३,००० चा माल ५०,००० च्या वर जातो, आणि मॅनेजर म्हणतात माझ्या हद्दीतला आहे, सिस्टीम म्हणते नाही. हा वाद मेसेज लावायच्या आधी मिटवायचा.

तसंच ट्रान्झिशनच्या ओळीत अलाउ सेल्फ अप्रूव्हल म्हणून टिक असते, ती आधीपासूनच लावलेली येते. तुझ्याकडं चुकून मंजुरीचा रोल असेल तर तू केलेली पीओ तूच मंजूर करू शकतोस. ती काढून टाक, तुझ्यासाठीच चांगलं, उद्या कुणी बोट दाखवायला नको. आणि पेंडिंग स्टेटमध्ये एडिट करायचा हक्क खरेदीवाल्याकडं ठेवू नको, तो मंजुरी देणाऱ्या रोलकडं दे. नाहीतर असं होतं, मेसेजमध्ये रेट २९० गेला, साहेबांनी मनात हो म्हटलं, तेवढ्यात सप्लायरचा फोन आला आणि कुणीतरी रेट ३१० केला, साहेबांनी मोबाईलवर न उघडता मंजूर दाबलं. कुणाची नियत वाईट नसते, पण मंजुरी भलत्याच आकड्याला मिळालेली असते. बदल करायचा असेल तर पीओ परत मागं घ्यायची, बदलायची, परत पाठवायची, नवा मेसेज जाऊ दे.

आता मेसेजच्या आत काय. ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तू पण घालव. सिस्टीमनं दिलेला विषय असतो, पर्चेस ऑर्डर अमुक नंबर पेंडिंग अप्रूव्हल. मोबाईलवर वरनं खाली येणाऱ्या पट्टीत एवढंच दिसतं आणि त्या नंबरवरनं साहेबांना काहीच कळत नाही. त्याऐवजी विषयातच लिही, इन्सर्ट २०० नग, ७३,१६० रुपये, परवा लागणार. आतमध्ये सप्लायर कोण, नग किती, आत्ताचा रेट, मागच्या खरेदीचा रेट, स्टोअरला किती शिल्लक, कुठल्या जॉबला पाहिजे आणि कधीपर्यंत नसेल तर मशीन थांबेल. मागच्या खरेदीचा रेट सिस्टीम आयटममध्ये धरून ठेवते, मेसेजच्या टेम्प्लेटमध्ये आयटमच्या ओळींवर लूप लावून तो काढता येतो, टेम्प्लेट जिंजा पद्धतीचं (मजकुरात फील्डची नावं घालायची पद्धत) असतं, चार ओळींचं काम आहे. रेट वाढला असेल तर कारण लिहायला पीओवर एक छोटं फील्ड वाढव आणि ते भरल्याशिवाय पुढं जायचं नाही असं कर. साहेब फोन करून तुला जे विचारतात तेच सगळं मेसेजमध्ये पाहिजे. आठवडाभर वहीत लिहून ठेव, साहेब प्रत्येक पीओला काय विचारतात. मी एका फाउंड्रीत असं केलं तेव्हा कळालं की मालक दरवेळी एकच गोष्ट विचारत होते, स्क्रॅपचं आधीच्या गाडीचं पेमेंट झालंय का. ती एक ओळ मेसेजमध्ये आली आणि फोन थांबले.

आणि ज्यानं पीओ पाठवली त्याला विसरू नको. मंजूर झाली, नामंजूर झाली, कारण काय, हे तुला आपोआप आलं पाहिजे, नाहीतर तू दर तासाला पान उघडून बघत बसणार. त्याला दुसरी नोटिफिकेशन, रिसिव्हरमध्ये डॉक्युमेंट फील्डवरनं ओनर घ्यायचा, म्हणजे ज्यानं बनवली त्यालाच जातो. नामंजूर करताना कारण लिहिणं सक्तीचं कर, साहेबांना पहिल्यांदा राग येईल, पण कारण न लिहिता परत आलेली पीओ म्हणजे परत एक फोन.

आता मेसेज गेला आणि उत्तर आलंच नाही तर? इथं आपल्याकडची परिस्थिती धरून विचार कर. तुमचे साहेब महिन्यातनं दोनदा चोर्ला घाटातनं गोव्याला जातात म्हणालास, जांबोटी सोडलं की पुढं कणकुंबीकडं नेटवर्कचा भरवसा नसतो, दोन-तीन तास माणूस हाताला लागत नाही. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असली की रात्रभर शहर जागं असतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोण मेल बघणार. गणपतीत तर ११ दिवस सगळं ढिलं असतं. म्हणून प्रत्येक मंजुरीला दुसरा माणूस आधीच ठरवून ठेवायचा, आणि तो नुसता तोंडी नको, सिस्टीममध्ये त्याच्या नावाला रोल पाहिजे. साहेबांचा भाऊ असेल, मुलगी असेल, सीनियर अकाउंटंट असेल, ५०,००० च्या वर पण २ लाखाच्या आत असली काहीतरी हद्द घालून दे. नाहीतर काय होतं सांगतो, मागं एका कारखान्यात मंजुरी देणाऱ्या मॅनेजरनी नोकरी सोडली, एचआरनी नियमाप्रमाणं त्यांचा युजर बंद केला, आणि त्या रोलमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. मेसेज कुणालाच जात नव्हता, एररही येत नव्हती, आणि हीट ट्रीटमेंटला पाठवायच्या मालाच्या पीओ आठ दिवस तशाच पडून होत्या. कस्टमरचा फोन आल्यावर कळालं. तेव्हापासून मी युजर बंद करायच्या कागदावरच एक ओळ घालतो, ह्यांच्याकडं कुठल्या मंजुऱ्या होत्या आणि आता कुणाकडं गेल्या.

आठवण करून द्यायला नोटिफिकेशनमध्येच डेज आफ्टर आहे, म्हणजे एखाद्या तारखेच्या फील्डनंतर इतक्या दिवसांनी मेसेज. त्यासाठी मंजुरीला पाठवलेली तारीख म्हणून एक फील्ड वाढव आणि स्टेट पेंडिंग झालं की छोट्या सर्व्हर स्क्रिप्टनं (सिस्टीममध्येच लिहायचा छोटा प्रोग्राम) ते भर, पीओची तारीख वापरू नको कारण पीओ सोमवारी बनवून गुरुवारी पाठवलेली असू शकते. हे दिवसातनं एकदाच तपासलं जातं, आणि रविवार-सणवार त्याला कळत नाही. तुला चार तासांत आठवण पाहिजे असेल तर शेड्युलर इव्हेंटवाली सर्व्हर स्क्रिप्ट लिहावी लागते, क्रॉन म्हणजे वेळापत्रक लावून तासातासाला पेंडिंग पीओ तपासायच्या, त्यात कामाची वेळ आणि हॉलिडे लिस्ट बघून मगच मेसेज सोडता येतो. पण मला विचारशील तर तासाची आठवण फक्त मशीन थांबणाऱ्या मालाला, बाकीच्याला सकाळी बघायला रोज एकच यादी, आज तुमच्याकडं इतक्या पीओ आहेत, सगळ्यात जुनी अमुक दिवसांची. ती ऑटो ईमेल रिपोर्टनं जाते, यादी रिकामी असेल तर पाठवू नको अशी टिक पण आहे तिथं, ती लाव. साहेब चहा पिता पिता सगळ्या एकदम काढून टाकतात. माझ्या अनुभवात ह्या एका यादीनं जेवढं काम होतं तेवढं दिवसभर टिंग टिंग वाजवून होत नाही.

पहिली आठवण साहेबांनाच, दुसरी साहेब आणि बदली माणूस दोघांना. तिसरी शक्यतो नकोच, तिसरी लागायला लागली की मेसेज वाढवायचे नाहीत, समोर बसून अडचण काय ते विचारायचं.

व्हॉट्सॲपचं विचारलास. आपल्याकडं मेल कमी बघतात, व्हॉट्सॲप सगळे बघतात हे खरं. पण ते रीतसर करायचं. क्यूआर कोड स्कॅन करून आपल्याच नंबरवरनं मेसेज सोडणारी स्वस्त टूल मिळतात, ती घेऊ नको, व्हॉट्सॲपच्या नियमात ते बसत नाही आणि नंबर बंद पडतो. ज्या नंबरवर तुमचे सगळे कस्टमर बोलतात तोच नंबर गेला तर मंजुरीचं काय घेऊन बसलास. व्हॉट्सॲपचा बिझनेस एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधनं मेसेज सोडायची अधिकृत सोय घ्यायची, वेगळा नंबर ठेवायचा. समोरच्यानं २४ तासांत तुम्हाला काही पाठवलेलं नसेल तर फक्त मेटानी मंजूर केलेलं टेम्प्लेटच पाठवता येतं, म्हणून पीओचा मेसेज युटिलिटी प्रकारचं टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घे, मोकळ्या जागा ठेवून, सप्लायर, माल, रक्कम, तारीख. मोकळी जागा मेसेजच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवलीस तर टेम्प्लेट परत येतं. खाली एक लिंकचं बटण ठेव, दाबलं की थेट ती पीओ उघडली पाहिजे. ईआरपीनेक्स्टच्या बाजूनं वेबहुक (दुसऱ्या सिस्टीमला आपोआप माहिती पाठवणारी जोडणी) लावायचा, अट तीच, पेंडिंग झालं की. मात्र मंजुरी व्हॉट्सॲपवर हो लिहून घेऊ नको, मंजुरी सिस्टीममध्ये लॉगिन करूनच व्हायला पाहिजे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय कधी बदललं ह्याची बंद न करता येणारी नोंद ठेवणं सक्तीचं आहे, ऑडिटर ते विचारतो, आणि व्हॉट्सॲपवरचा अंगठा त्याला दाखवता येत नाही.

एसएमएस मी आता फारसा लावत नाही. भारतात त्यासाठी डीएलटी ह्या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर कंपनीची, हेडरची, टेम्प्लेटची नोंदणी लागते, त्याशिवाय मेसेज पुढं जातच नाही. पण साहेब घाटात असताना नेट नसतं आणि एखादी काडी रेंज असते तेव्हा एसएमएसच पोचतो हे पण खरं, म्हणून मशीन थांबणाऱ्या मालापुरता ठेवायला हरकत नाही. तो इंग्रजी अक्षरांत ठेव. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं बसतात, देवनागरी किंवा कन्नड आलं की ७० च, त्याच्यावर गेलास की दोन-तीन मेसेजचे पैसे.

भाषेचं आलंच आहे तर बोलतो, कारण आपल्या भागात हे टाळून चालत नाही. साहेब मराठी वाचतात, स्टोअरचा पोरगा बैलहोंगलचा, त्याला कन्नड बरं, अकाउंटंट इंग्रजीत काम करतो. युजरला भाषा लावली की सिस्टीमचे बटण-लेबल बदलतात, पण तू हाताने लिहिलेला मेसेज आपोआप भाषांतर होत नाही, तो लिहिलास तसाच सगळ्यांना जातो. म्हणून मंजुरी देणाऱ्याला जाणारी नोटिफिकेशन मराठीत, स्टोअरला जाणारी कन्नडमध्ये, अशा वेगवेगळ्या कर, कन्नडचा मजकूर त्या पोराकडनंच लिहून घे, आपण ट्रान्सलेटमधनं काढलेला वाचून तो काहीतरी भलतंच समजायचा. एका शॉपमध्ये स्टोअरवाला सहा महिने इंग्रजी मेसेज न वाचताच डिलीट करत होता, कुणी विचारलंच नव्हतं त्याला. त्याच्या भाषेत चार शब्द गेले तेव्हापासून माल उतरायच्या आधी जागा मोकळी करून ठेवायला लागला. मेसेज ज्याच्यासाठी आहे त्याला तो त्याच्या बोलीत मिळाला पाहिजे, ह्याला मी फार मानतो.

पीओचं झालं की लगेच बिलांच्या मंजुरीला हात घाल, तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण तिथं उशिराला सरळ पैसे लागतात. तुमचे बरेच सप्लायर कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव इकडचे छोटे कारखानदार, उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेले. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणं सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढीनं. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरात पण हे आलं, मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी धरला जातो, नफा कागदावर फुगतो आणि टॅक्स भरावा लागतो. आता महत्त्वाचं, हे दिवस बिल तुमच्या टेबलावर मंजूर झाल्यापासून मोजत नाहीत. माल पोचल्यावर १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणजे क्वालिटीवाल्यानं रिपोर्ट अडवून ठेवला, बिल २० दिवस मंजुरीत पडलं, तरी घड्याळ चालूच. म्हणून बिलाच्या आठवणीची तारीख जीआरएनची (माल आल्याच्या नोंदीची) धर, बिल एंट्रीची नको. माल आल्यापासून दहाव्या दिवशी क्वालिटीला, हरकत असेल तर पाच दिवसांत लेखी द्या म्हणून. करार असलेल्यांना तिसाव्या दिवशी अकाउंट्सला आणि साहेबांना, रक्कम आणि शेवटची तारीख लिहून. करार नसलेल्यांना तिसावा दिवस म्हणजे उशीर झालाच, त्यांना सातव्या-आठव्या दिवशीच पाहिजे. सप्लायर मास्टरमध्ये उद्यम नोंदणी आहे का, सूक्ष्म की लघु, उत्पादक की ट्रेडर, करार आहे का, एवढी फील्ड वाढवून घे. ट्रेडरला आयकराची ही अट लागत नाही म्हणून ती टिक महत्त्वाची, सीएला विचारून भर. समोरचा छोटा माणूस असतो, त्याच्या पगाराच्या दिवशी आपलं बिल मंजुरीत अडकलेलं असू नये, टॅक्स नसता तरी मी हे लावलंच असतं.

शेवटी ट्रायल कशी घ्यायची. लाइव्हची कॉपी काढून टेस्ट साईटवर प्रयोग करशील, ते बरोबरच आहे, पण कॉपी चढवल्या चढवल्या पहिल्यांदा साईटच्या कॉन्फिगमध्ये मेल बंद कर, म्यूट ईमेल्सची सेटिंग आहे. मी एकदा हे विसरलो होतो. टेस्ट साईटवर मंजुरी दाबून बघत होतो आणि खऱ्या सप्लायरना खऱ्या दिसणाऱ्या पीओ गेल्या, एकानं तर माल काढायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला स्वतः फोन करून माफी मागितली. मेल बंद ठेवूनही ईमेल क्यू आणि मेसेजचा मजकूर तपासता येतो, आणि प्रत्यक्ष जातो का हे बघायला सगळ्या टेस्ट युजरना तुझाच एक पत्ता दे.

तपासताना नुसती सरळ जाणारी पीओ बघू नको. बरोबर ५०,००० ची बनव. नामंजूर करून परत पाठव. साहेबांचा टेस्ट युजर बंद करून बघ मेसेज बदली माणसाला जातो का. पेंडिंगमध्ये तुझ्या लॉगिननं रेट बदलायचा प्रयत्न कर, बदलता आला नाही पाहिजे. आणि वर्कफ्लोची नवी आवृत्ती बनवलीस तर लक्षात ठेव, एका डॉक्युमेंटला एकच वर्कफ्लो चालू राहतो, नवा ॲक्टिव्ह केला की जुना बंद होतो, आणि जुन्या स्टेटचं नाव नव्यात नसेल तर मधे अडकलेल्या पीओ तशाच लोंबकळतात. म्हणून बदल शनिवारी संध्याकाळी, पेंडिंग यादी रिकामी करून मगच कर.

लाइव्ह केल्यावर पहिले दोन आठवडे फक्त साहेब आणि मॅनेजर ह्या दोघांनाच लाव, रोज संध्याकाळी पाच मिनिटं ईमेल क्यू उघडून किती गेले आणि किती पीओ त्याच दिवशी सुटल्या हे वहीत लिही. दिवसाला साहेबांना आठ-दहाच्या वर मेसेज जायला लागले तर हद्दीचे आकडे मला पाठव, मंजुरीतनं अजून काय बाहेर काढता येतंय ते आपण बसून बघू. जिंजाचं टेम्प्लेट लिहिताना अडलास तर तुमच्या पीओवर कुठली फील्ड वाढवलीत त्यांची नावं तेवढी काढून ठेव, ती नसली की मला पण काही सांगता येत नाही.